डाव्या दाराचा ठोका

गाडी हलली. आवाज नाही, धूर नाही, काही नाही, नुसती हलली, आणि माझी मितू पुढच्या चाकाजवळ, डाव्या अंगाला, मातीत बसून वाटीत खडे भरत होती. मी नळावर होते, हंडा भरत आलेला. मला दिसलं सगळं, पण ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. शेजारची जनाकाकू ओरडली, "अगो बाय, पोर हाय गो चाकाखाली, पोर!" हंडा कुठं पडला, पदर कुठं अडकला, मला माहीत नाही. मी पळाले. पोरीपर्यंत पोचणार नाही हे मला पळतानाच कळत होतं, गाडी मधे होती. डोकं चालत नव्हतं, हात चालला. डाव्या दाराच्या पत्र्यावर मी मूठ आपटली. एकदा. जोरात.

गाडी उजवीकडं वळली आणि मुरमाच्या ढिगात तोंड खुपसून थांबली. मितू रडत होती. म्हणजे जिवंत होती. खडा उचलायला जरा मागं सरकली होती, तेवढंच. तिची वाटी चाकाखाली गेली, पापडासारखी चपटी झाली.

मामा खाली उतरले, गाडीच्या पुढून वळसा घालून आले आणि मला विचारतात, "काय झालं सूनबाई? कोन आडवं आलं?"

मितू त्यांच्या पायाशी बसली होती. डाव्या पायाशी. भोकाड पसरून. आणि ते मला विचारत होते, कोण आडवं आलं.



मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या जालन्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. इकडं तुर्भ्याला, खाणीच्या वस्तीत, सगळे त्यांना उतारमामा म्हणायचे, कारण ते गाडी कधी सपाटीला लावत नसत. गाडी म्हणजे मालाचा ट्रक, त्यांचा स्वतःचा. मालक तेच, ड्रायव्हर तेच. जुनी गाडी, सेल्फ, म्हणजे चावीनं चालू करायचा स्टार्टर, मेलेला, बॅटरी कधी असायची कधी नसायची, म्हणून खाणीच्या रस्त्याला जिथं चांगला उतार आहे तिथं ती उभी करायची, पुढच्या उजव्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा. निघायच्या वेळी ठोकळा काढायचा, वर बसायचं, गाडी आपोआप घरंगळू द्यायची, जरा वेग आला की दुसऱ्या गिअरमधे क्लच सोडायचा. मग इंजिन खोकून जागं व्हायचं. त्याच्या आधी जी गाडी चालते ना, ती मांजरासारखी चालते. ऐकूच येत नाही. म्हणून तर मितू उठली नाही.

लोक म्हणायचे, "मामा, सेल्फ टाका की एक नवीन." मामा म्हणायचे, "थांबनं कुनालाबी जमतं. निघायचं बघून थांबावं." मग हसायचे. मला ते तेव्हा मोठं शहाणपणाचं वाटायचं. मी नवी होते.

सासरी मी त्याच गाडीनं आले. लग्न लागलं आमच्या गावात, आणि मामांनी परतीला कांदा भरला. माझे वडील म्हणाले, "व्याही, आज तरी रिकामी न्या गाडी, पोरगी बसलीय." मामा म्हणाले, "रिकामी गाडी घाटात उड्या मारती. पोरीला तरास व्हईल. कांदा असला की कशी जड चालती, पाळन्यावानी." नवरा, क्लीनर आणि नणंदा मागं पोत्यांवर, आणि मी नवी नवरी पुढं, डाव्या सीटवर, हळदीच्या अंगानं. वस्तीतल्या बायका अजून टोमणा मारतात, ही कांद्याबरोबर आली म्हणून. तुर्भ्याला उतरले तेव्हा माझ्या साडीला असा वास होता की जनाकाकू म्हणाली, "सून आणलीस का भाजी रं?"

पण त्या प्रवासात मामांनी मला एक गोष्ट शिकवली. डावी बाजू क्लीनरची असते. ड्रायव्हर उजवीकडं बसतो, त्याला डावीकडचं पुरतं दिसत नाही, कुणालाच दिसत नाही. म्हणून क्लीनरनं दाराबाहेर हात काढून ठेवायचा आणि पत्र्यावर ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. "आज ही बाजू तुझी," म्हणाले. मी घाबरून हात बाहेर काढला. घाटात एका वळणाला काहीतरी पांढरं हललं आणि मी एक ठोका दिला. गाडी जागेवर. मागची पोती सरकली, नणंदा किंचाळल्या, क्लीनर शिव्या देत उतरला. शेळी होती. मला वाटलं मेले आता, पहिल्याच दिवशी. मामा म्हणाले, "बरं केलं. शेळी का असंना. ठोका पडला की आधी थांबायचं, मंग इचारायचं. उलटं करनारे ड्रायव्हर भिंतीवर फोटोत बसल्यात."

त्यांच्या गाडीला लिंबू-मिरची नव्हती. पुढं मोठ्या अक्षरात जय भीम, आणि बास. दुसरे ड्रायव्हर विचारायचे, नजर नाही का लागत? "लिंबू सरबताला, मिरची भाकरीला," म्हणायचे. "गाडीला ब्रेक बांधा."

शाळेत ते गेले नव्हते. अक्षरं शिकले ते रस्त्याच्या दगडांवरून. क कसाऱ्याचा, न नारायणगावचा, ल लोणावळ्याचा. मितूला मांडीवर घेऊन ते असंच शिकवायचे, आणि पोर तीन वर्षांची व्हायच्या आत तिला सगळा घाट तोंडपाठ. मी सहावीपर्यंत गेलेली, मी म्हणायचे, "मामा, ग गणपतीचा असतो, पुस्तकात." ते म्हणायचे, "ग घोटीच्या आधी येतो." आता घोटीच्या आधी ग येतो म्हणजे काय, ते त्यांनाच माहीत. पण घोटीच्या आधी गाडी थांबवून ते भजी खायचे एवढं मला ठाऊक आहे. वर्तमानपत्र कधी वाचलं नाही. "कागदाला धूळ नसती," म्हणायचे, "तेच्यावर इस्वास काय ठेवायचा."

चांगले दिवस पण होते, ते सांगते, नाहीतर तुमाला वाटेल ही रडतच बसली. मुंबईतलं कांद्या-बटाट्याचं मार्केट इकडं आलं, वाशी-तुर्भ्याच्या मधे. आधी मामांना खाडीचा पूल ओलांडून गल्लीबोळात गाडी घालावी लागायची, आता मार्केट आपल्या दाराशी. अड्ड्यावर सगळ्या गाड्यांचा नंबर लागायचा. आपला नंबर आला की माल भरायचा, कुणी पुढं घुसायचं नाही. मामा त्या नंबराला फार मानायचे. एकदा नंबर आलेला, गाडी लावलेली, आणि दस्तगीरचाचा नावाचे ड्रायव्हर आले, त्यांच्या बायकोचे दिवस भरलेले आणि गाव लांब. मामांनी ठोकळा पुन्हा चाकाखाली ठेवला आणि म्हणाले, "माझी गाडी निघत न्हाई आज. तू जा." गाडी चांगली निघत होती. घरी येऊन मला म्हणाले, "कांदा काय, उद्याबी सडंल. पोर उद्या सडत न्हाई, आजच येतं."

मग बंदराचं सुरू झालं. न्हावा शेव्याला मोठं बंदर होणार, सगळं बदलणार, सगळ्यांना काम. मामांनी खाणीतून मुरूम वाहिला तिकडच्या भरावाला, किती दिवस, खाडी बुजवायला, रस्ते उचलायला. धुळीनं लाल होऊन यायचे आणि खूश असायचे. "मार्केट आलं दारात, आता बंदर आलं. सूनबाई, आपन कुठं हललोच न्हाई आन जग आपल्याकडं आलं."

बंदर सुरू झालं आणि डबे आले. तुमी बघितलेच असतील, ते लोखंडाचे लांब डबे, घराएवढे. सुटा माल नाहीच. डबा जहाजावरून उतरतो तो सरळ ट्रेलरवर. मामांच्या गाडीवर डबा मावत नाही, आणि डबा फोडून सुटा माल कोण देणार? मोठ्या मोठ्या कंपन्या, त्यांचे शंभर चाकांचे ट्रेलर, त्यांचंच यार्ड, त्यांचंच कंत्राट. अड्ड्यावर नंबर लागायचा तो लागायचाच बंद झाला. ज्याच्याकडं एक गाडी त्याला कोण विचारतं? बाकीचे मग दुप्पट भरायला लागले, निम्म्या भाड्यात. मामा नाही म्हणाले. जास्त भरला की घाटात ब्रेक ऐकत नाही.

एकदा ते यार्डाच्या फाटकाशी गाडी घेऊन गेले, काही काम मिळतंय का बघायला. वॉचमननं आत घेतलं नाही. परत आले आणि ओट्यावर बसून बोलले, "त्या यार्डाचा मुरूम म्या टाकला. आन मला म्हनतो, बाहेर लाव." रागावले नव्हते. नवल वाटत होतं त्यांना. मग म्हणाले, "डब्यात काय हाय ते ड्रायव्हरलाच ठाऊक न्हाई. वास न्हाई, काय न्हाई. मंग रस्त्यानं जायचं कुनाच्या सोबतीनं?"

क्लीनर गेला, त्याला ट्रेलरवर काम मिळालं. गाडीला काम राहिलं एकच, नेरूळ-वाशीच्या नव्या फ्लॅटांत लोकांचं सामान पोचवायचं. एक बाई आरशाच्या कपाटापाशी उभी राहून सारखी, "मामा, आरसा! मामा, आरसा!" मामा म्हणाले, "ताई, मी जलमभर कांदा आनलाय घाटातनं. एक बी रडला न्हाई." ती बाई हसली आणि चहा दिला, कपबशीत.

आणि त्याच महिन्यात आमचे हे मार्केटात पायरीवर पोती उचलताना पडले. पोतं अंगावर आलं. कमरेत असं भरलं की कुशीवर वळवायला पण मला आणि जनाकाकूला लागायचं. मितूचे बाबा आडवे, मी पोटाशी पोर घेऊन, आणि घर मामांच्या एका गाडीवर, जी उतारावरून ढकलल्याशिवाय निघत नाही.

त्याच दिवसांत गाडीखाली वाटी गेली.

त्या संध्याकाळी मी मामांना नळाच्या मागं गाठलं. आत हे झोपलेले, ऐकू गेलं असतं. मी म्हटलं, "मामा, मितू तुमच्या पायाशी होती."

मामांनी टेकडीकडं बोट केलं. मग म्हणाले, "पुढचं दिसतं गं. लांबचं बी दिसतं. त्या टेकडीवरचा खांब दिसतो मला. कडंचं जातंय. नळीतनं बघितल्यावानी."

"कधीपासून?"

"बंदराचा मुरूम टाकत व्हतो तवापासनं. मला वाटलं धूळ हाय."

मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायला थेंब घाला. मी विचारलं गाडी चालवली तर? तो म्हणाला, "वेड लागलंय का?" आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "ह्याला सांगू नको." ह्याला म्हणजे त्यांच्या मुलाला. "तो उठून बसंल. पोतं उचलाया जाईल, आन जल्माचा मोडंल." खरं होतं. हे तसेच आहेत. म्हणून मी गप्प बसले.

आणि मी गाडीत बसायला लागले. काय करणार? मितूला कमरेला बांधायचं, डावीकडं बसायचं, हात बाहेर. वाशी, नेरूळ, सानपाड्याच्या नव्या बिल्डिंगी. "डावीकडं सायकल, मामा. उजवीकडून बाई येतीय. थांबा, थांबा." ठोका, गाडी बंद. दोन ठोके, चल. लोकांना वाटायचं सून काय हौशी आहे, सासऱ्याबरोबर फिरते. घरी आले की तळहात सुजलेला असायचा. मितूची ती चपटी वाटी मामांनी स्टीअरिंगच्या दांड्याला तारेनं बांधली होती. मी म्हटलं, काढा ती. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मला दिसती, समोर हाय."

आता तुमी म्हणाल बंद का नाही केलं. बंद करून खायचं काय? हे मी रोज स्वतःला विचारायचे, आणि रोज सकाळी गाडीत चढायचे.

मग ट्रेलरवाल्यांचा माणूस आला. कंपनीला घाट माहीत असलेले जुने ड्रायव्हर पाहिजे होते, डबे पुण्याला न्यायला. पगार. दर महिन्याला, काम असो नसो. हे अंथरुणातून उठायलाच बघत होते आनंदानं. मामा आयुष्यभर म्हणायचे, "दुसऱ्याच्या गाडीवर बसनं म्हंजे दुसऱ्याच्या चपला घालनं," पण त्या दिवशी ते बोलून दाखवलं नाही. म्हणाले, येतो. एक अट होती फक्त, कंपनीच्या डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यायचे.

रात्रभर मी जागी. ट्रेलर म्हणजे केवढा, वळताना त्याची शेपूट कुठं जाते ते चांगल्या डोळ्याच्या माणसाला कळत नाही. आणि ट्रेलरवर बाईमाणूस बसवत नाहीत. डावीकडं मी नसणार.

सकाळी म्हटलं, "मामा, नका जाऊ." ते दाढी करत होते, आरशात सरळ बघत. "डॉक्टर काय ते ठरवंल," म्हणाले. "तो साहेब हाय. त्यानं न्हाई म्हनलं तर न्हाई. हो म्हनलं तर म्या कोन न्हाई म्हनायला?" मला म्हणाले, "तू चल बरोबर." का नेलं मला बरोबर, त्याचा मी किती वेळा विचार करते.

दवाखाना यार्डाच्या शेजारीच, पत्र्याच्या खोलीत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक. तरुण डॉक्टर, चांगला होता, हसरा. मामांना खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकायला सांगितला. आणि मामा वाचायला लागले.

"क. कसाऱ्याचा. ल, लोनावळ्याचा. न... न नारायनगावचा. त, तळेगाव."

डॉक्टर हसायला लागला. "मामा, नुसतं अक्षर सांगा, गाव नको."

"गावाबिगर अक्षर कसं सांगू साहेब? र हाय तो. राजगुरूनगर."

सगळ्यात खालची बारीक ओळ पण वाचली. मला दारातून ती ओळ दिसत पण नव्हती. समोर होती ना. समोरचं त्यांना दिसायचं, माझ्यापेक्षा चांगलं. दुसरा डोळा, तोच तक्ता, तीच गावं. डॉक्टर म्हणाला, "या वयात असे डोळे! आम्हालाच चष्मा लागला बघा." मामांनी छाती काढली. खूप दिवसांनी मी त्यांना असं बघितलं, खुर्चीत ताठ, मार्केटच्या दिवसांत अड्ड्यावर नंबर आल्यावर बसायचे तसे. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं, जाऊ दे. पगार येईल. ह्यांचं औषध होईल. मितू शाळेत जाईल. देवानं नाहीतरी कुणाचं ऐकलंय, पण आज ऐकलं.

डॉक्टरनं पेन घेतलं. लिहिता लिहिता, सहज, माझ्याकडं बघून म्हणाला, "तुम्ही सून ना? घरी काही त्रास नाही ना यांना? दिसायचा वगैरे?"

खिडकीतून रस्ता दिसत होता. एक ट्रेलर फाटकातून आत वळत होता. त्याच्या डाव्या बाजूला चहाची टपरी, टपरीपुढं एक बाई बसलेली, पुढ्यात पोर. ती पोराला बिस्कीट बुडवून भरवत होती. ट्रेलरचा क्लीनर दारातून अर्धा बाहेर लटकून बघत होता. ट्रेलर वळला, बाई तशीच बसलेली, काही झालं नाही. काहीच झालं नाही. पण माझ्या कानात जनाकाकू ओरडत होती.

मला बोलायचं होतं. नाही त्रास, म्हणायचं होतं, किंवा आहे म्हणायचं होतं, मला आता आठवत नाही यातलं काय. तोंड उघडलं आणि नळावर झालं तसंच झालं. आवाज नाही. मितू कमरेवर. आणि माझा हात, मी शपथ घेऊन सांगते, मी त्याला काही सांगितलं नव्हतं, हात दाराच्या पत्र्यावर गेला.

एक ठोका.

डॉक्टर म्हणाला, "काय झालं बाई?"

मामा सदऱ्याची बाही खाली करत होते. हात तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडं वळून पण बघितलं नाही. का, म्हणून विचारलं नाही. समोरच्या तक्त्याकडं बघत म्हणाले, "थांबलो."

मग डॉक्टरला म्हणाले, "साहेब, फाडा तो कागद. मला कडंचं दिसत न्हाई. दोन्ही कडा गेल्यात."

डॉक्टरला खरं वाटेना. त्यानं मामांच्या कानापाशी हात धरला आणि विचारलं, "किती बोटं?" मामा सरळ बघत म्हणाले, "कुठं हायेत बोटं?"

बाहेर पायऱ्या होत्या. मामांनी माझा खांदा धरला. वस्तीपाशी आल्यावर म्हणाले, "हात लागला का गं? पत्रा जाड व्हता."

घरी ह्यांनी अंथरुणातूनच विचारलं, "काय झालं? झालं का काम?" मी चुलीकडं तोंड करून उभी. मला वाटलं आता सांगतील, तुझ्या बायकोनं घालवलं. मामा म्हणाले, "नापास झालो. अक्षरं आली न्हाईत वाचायला."

हे चिडले. "अक्षरं आली नाहीत? जन्मभर पाट्या वाचत फिरलात! मितूला येतात ती अक्षरं!" मामा ओट्यावर बसले, चपला काढल्या आणि म्हणाले, "व्हय. पाट्याच त्या. तक्ता येगळा असतो." त्या माणसाला दुसऱ्या कशाचा गर्व नव्हता, एवढाच होता, की मी शाळेशिवाय वाचतो. जनाकाकूपर्यंत गोष्ट गेली, वस्तीभर झाली. अड्ड्यावर पोरं विचारायची, "मामा, हे कोणतं अक्षर?" ते हसून म्हणायचे, "इसरलो बाबा." आजपर्यंत ह्यांना खरं माहीत नाही. आता हे छापून येईल, वाचतील तर वाचोत.

गाडी भंगारात गेली. दुसरं कुणी घेणारच नव्हतं. न्यायला आलेल्या माणसानं विचारलं, सेल्फ कुठाय? मामांनी ठोकळा काढला आणि त्याला शिकवलं, दुसऱ्या गिअरात, जरा वेग येऊ दे, मग सोड. गाडी मांजरासारखी गेली आणि वळणाच्या आधी खोकली. त्यांनी गाडीतून एकच वस्तू काढून ठेवली होती, तारेनं बांधलेली ती वाटी. ती मला दिली.

मग ते घरात बसले, आणि घर लहान होत गेलं. ह्यांची कंबर अर्धवट बरी झाली, पट्टा बांधून परत मार्केटात जायला लागले, तेच पोतं, तीच पायरी, संध्याकाळी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मी फ्लॅटात भांडी घासायला जाते. त्यातलं एक घर आरशाच्या कपाटाचं आहे. ती बाई विचारते, "मामा कसे आहेत गं? फार सांभाळून आणला होता आरसा." मी आरसा पुसते. मला त्यात डावं-उजवं उलटं दिसतं, आणि भीती वाटते. कशाची, सांगता येत नाही.

एक दिवस मामा म्हणाले, गावाला जातो, भाच्याकडं. इथं सगळं कडेनंच येतं, म्हणाले, तिकडं रान मोकळं आहे. मी नका म्हटलं. म्हटलं आणि गप्प बसले, कारण मितू त्यांना पाणी द्यायला डावीकडून जायची आणि दर वेळी ते दचकायचे, आणि ते मला बघवत नव्हतं.

दस्तगीरचाचा आले न्यायला. त्यांची गाडी अजून चालत होती, कशीतरी, रिकामी परत चालली होती. मामा सवयीनं उजव्या दाराकडं गेले. मग थांबले, बोनेटला हात लावत लावत वळसा घातला आणि डाव्या दारातून चढले. आयुष्यात पहिल्यांदा. चाचा मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "क्या मामा, आज किलीनर बन गये?" मामा हसले. "व्हय. आता तुला सांगतो मी, थांब आन चल."

इंजिन चालू होतं. गाडी हलेना. चाचा पुढं बघत बसलेले, मामा पुढं बघत बसलेले. मला कळेना कशाला थांबलेत.

मामा म्हणाले, "सूनबाई, ठोके दे. तुझी बाजू हाय ही."

मी दारापाशी गेले. पत्रा गरम होता. मितू माझ्या पदराला धरून, "आजोबा, क कुठाय? क कुठाय?" विचारत होती. मी दोन ठोके दिले आणि गाडी गेली. मामांचा हात दाराबाहेर होता, वळणापर्यंत दिसला.

पुढच्या उन्हाळ्यात चाचांनीच निरोप आणला. झोपेत गेले. शेवटी शेवटी भाच्याच्या पोरांना अक्षरं शिकवायचे, म्हणाले. गावं सगळी बरोबर होती.

मितूचे बाबा मामांना आबा म्हणायचे. अजून कधी कधी पाठीला तेल लावून घेताना म्हणतात, "आबांना तेवढी अक्षरं आली असती तर आज आपण कुठल्या कुठं असतो." मी तेल लावत राहते. चपटी वाटी फळीवर आहे, समोर, त्यांना दिसेल अशी. ते विचारत नाहीत ती कशाची.

तुमी सांगा. त्या पत्र्याच्या दारात तुमी असता, कमरेवर पोर, घरी नवरा आडवा, समोर तो माणूस खुर्चीत ताठ बसलेला आणि डॉक्टर पेन धरून विचारतोय. तुमी एक दिला असता, का दोन?